फ्लॉरेन्सचं 'इन्नोचेन्ती' : कमानींमागच्या इमारतीचा इतिहास

ओसरी

फ्लॉरेन्सवरचं कुठलंही पुस्तक उघडा, 'ओस्पेदाले देल्यी इन्नोचेन्ती' या इमारतीला त्यात एक परिच्छेद मिळतोच. वास्तुकार ब्रुनेलेस्कीने १४१९ मध्ये आराखडा केला, नऊ कमानींची लोजिया (म्हणजे पुढचा खुला, छत असलेला ओटा), करड्या दगडाचे सडपातळ खांब, प्रबोधनकाळातली पहिली इमारत. एवढं सांगून पुस्तक पुढे जातं. ही इमारत टाकून दिलेल्या तान्ह्या मुलांसाठी बांधली होती, हे एखाद्या अर्ध्या वाक्यात येतं.

मला हे खटकतं. जी वास्तू साडेचारशेहून जास्त वर्षं मुलांना आत घेत राहिली आणि आजही मुलांसाठीच काम करते, तिचा इतिहास दर्शनी भागापाशीच का थांबावा? म्हणून दोन प्रश्न घेऊन हा धागा काढते आहे.

इमारत मुलांची गरज बघून आखली गेली, की शहराच्या मोठेपणासाठी? आणि ज्यांनी ती आतून पाहिली आहे त्यांना मुलांच्या खुणा कुठे दिसल्या?

माझं मत आधीच सांगून टाकते. मला वाटतं की तो देखणा ओटा शहरासाठी होता आणि मुलांचा इतिहास पाठच्या खोल्यांत आहे. पटत नसेल तर भांडा, पण इमारतीला धरून भांडा.

आडवाट

चांगला विषय. मी जाऊन आलोय, पण चौकात उभं राहून फोटो काढले आणि 'अकादेमिया' संग्रहालयाच्या रांगेकडे पळालो. आता वाचत बसतो.

दगडविटा

ओसरी, मी वास्तुरचनेच्या बाजूने लिहितो. 'ओटा शहरासाठी' हे अर्धंच पटलं.

आधी पैसा कुठून आला ते बघू. प्रातोचा व्यापारी फ्रांचेस्को दातीनी १४१० मध्ये वारला. टाकलेल्या मुलांसाठी फ्लॉरेन्समध्ये नवं घर उभारायला त्याने मृत्युपत्रात १००० फ्लोरिन (तिथली सोन्याची नाणी) ठेवले होते. शहरात त्याआधीही सान गाल्लो आणि सान्ता मारिया देल्ला स्काला या ठिकाणी अशी मुलं घेत, पण तिथे इतर गरजूही असत. फक्त मुलांसाठी मोठी वास्तू ही कल्पना नवी होती. काम अंगावर घेतलं रेशीम व्यापाऱ्यांच्या संघाने. फ्लॉरेन्समधले सोनार याच संघात मोडत आणि ब्रुनेलेस्की मुळात सोनार. म्हणजे संघाने आपल्याच सभासदाला काम दिलं.

आता लोजिया. खांबाची उंची, दोन खांबांमधलं अंतर आणि खांबापासून भिंतीपर्यंतची खोली, तिन्ही मापं सारखी. त्यामुळे प्रत्येक कमानीमागे एक घन तयार होतो आणि त्यावर घुमटाकार छत बसतं. खांब आणि पट्ट्या 'पिएत्रा सेरेना' या करड्या दगडाच्या, बाकी भिंत पांढरी. संगमरवर नाही. नक्षी जवळपास नाहीच. श्रीमंत संघाने पैसे उधळले असं समोरून तरी दिसत नाही. मापात आणि हिशोबात राहून बांधलं आहे.

मुलांशी संबंध काय, तर बाळ घेऊन येणाऱ्याला पावसापाण्यात उभं राहायला छप्पर हवं. बाळांना दूध पाजणाऱ्या दाया येणार, त्यांचे नवरे पगार न्यायला येणार, दान देणारे येणार. ही सगळी माणसं रस्ता आणि दार यांच्यामधल्या सावलीत थांबणार. त्या काळच्या बऱ्याच इस्पितळांना पुढे असा ओटा असायचा. ब्रुनेलेस्कीने जुनीच सोय नव्या मापात बसवली.

कोरा कागद

दगडविटा, माहिती उत्तम. पण घनाची मापं बाळाला काय कामाची? त्याला दूध हवं. एवढ्या पैशांत साधी कौलारू चाळ बांधली असती तर दार कितीतरी आधी उघडलं असतं. १४१९ ला सुरू झालेली इमारत १४४५ मध्ये उघडली. सव्वीस वर्षं! तोवर जन्मलेल्या मुलांनी कुठे जायचं?

दगडविटा

@कोरा कागद, उशीर मापांमुळे झाला नाही. फ्लॉरेन्स त्या काळात लुक्का आणि मिलानबरोबरच्या युद्धांत अडकलं होतं आणि पैसा तिकडे वळत होता. १४२७ च्या सुमारास ब्रुनेलेस्कीचंही लक्ष इथून निघालं, कारण कॅथेड्रलचा घुमट डोक्यावर होता. पुढचं काम फ्रांचेस्को देल्ला लूना याने बघितलं.

त्यावर एक किस्सा आहे. देल्ला लूनाने कमानींवरची आडवी पट्टी टोकाला वळवून खाली उतरवली. ब्रुनेलेस्कीने विचारलं, हे कुठून काढलं? तो म्हणाला, सान जोव्हान्नीच्या बाप्तिस्मागृहावरून. ब्रुनेलेस्की म्हणाला, त्या सबंध इमारतीत एकच चूक आहे आणि तुम्ही नेमकी तीच उचललीत! जुन्या चरित्रांत हा किस्सा आहे, आणि ती वळलेली पट्टी आजही दिसते.

सायसाखर

किस्सा झकास. कॉपी करताना नेमकं चुकलेलं गणितच उतरवायचं ही परंपरा फार जुनी दिसते. :)

आता मुलांकडे येऊ या. पहिलं बाळ ५ फेब्रुवारी १४४५ ला आलं. मुलगी होती. दार उघडून दोन आठवडेही झाले नव्हते. त्या दिवशी संत आगाथाचा सण, म्हणून तिचं नाव ठेवलं आगाता स्मेराल्दा. हे आपल्याला कळतं कारण तिथे पहिल्या दिवसापासून वह्या लिहिल्या गेल्या. बाळ कधी आलं, अंगावर कोणतं कापड होतं, बरोबर काय ठेवलं होतं, कोणत्या दाईकडे दिलं, तिला पैसे कधी पोचले, बाळ जगलं की गेलं. हे दप्तर अजून त्याच इमारतीत आहे.

ओसरी, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच. मुलांची सगळ्यात मोठी खूण म्हणजे हे दप्तर.

ओसरी

@सायसाखर, फार छान. नाव लिहिलं, कापडाचा रंगही लिहिला. कोणीतरी दिवा लावून, बोरू घेऊन बसून हे केलं. या वह्या लिहिणाऱ्यांबद्दल मला खूप आदर वाटतो.

बालवैद्य

मी बालरोगतज्ज्ञ आहे. या इमारतीशी आमच्या व्यवसायाचं नातं आहे, ते सांगतो.

कमानींच्या मधल्या त्रिकोणी जागांत निळ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या बाळांच्या गोल चकत्या दिसतात ना, त्यातलंच एक बाळ अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीच्या बोधचिन्हात आहे. आमच्यातल्या अनेकांनी ते चिन्ह वर्षानुवर्षं जर्नलवर पाहिलेलं असतं आणि ते कुठून आलं हे माहीत नसतं.

त्या चकत्या ब्रुनेलेस्कीच्या काळातल्या नाहीत. त्याने तिथे नुसते खोलगट गोल सोडले होते. आंद्रेआ देल्ला रॉब्बियाने १४८७ च्या सुमारास चकाकी दिलेल्या मातीची बाळं बसवली. मूळची दहा. दोन्ही टोकांची बाळं एकोणिसाव्या शतकातली. नीट बघितलं तर प्रत्येक बाळ वेगळं आहे. त्या काळी बाळाला कापडी पट्ट्यांनी घट्ट गुंडाळत. इथे काहींची गुंडाळी पक्की आहे, तर काहींची सुटत चालली आहे. हात मात्र सगळ्यांचे मोकळे, बाजूला पसरलेले.

आता कडू भाग. इमारत सुंदर होती म्हणून मुलं जगली असं नाही. काही वर्षांत आलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त मुलं दगावली. प्लेग, दुष्काळ आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे दूध. बाटलीतून सुरक्षित दूध पाजण्याची सोय तेव्हा कुठेच नव्हती. बाळ जगवायचं तर दूध असलेली बाई हवी. इमारतीत थोड्या दाया असत, त्या पहिले काही दिवस सांभाळत. मग बाळं टस्कनीच्या खेड्यांत पाठवली जात. दाईला महिन्याचा पगार ठरलेला. संस्थेकडे पैसे कमी पडले की पगार थकायचा, पगार थकला की दाया मिळेनात, आणि मग आतली बाळं एकेका दाईकडे तिघं-चौघं. संस्थेची तिजोरी आणि बाळाचं पोट असं थेट जोडलेलं होतं.

म्हणून @कोरा कागद यांच्या मुद्द्याला पुरवणी जोडतो. साधी चाळ बांधून दूध वाढलं नसतं. दूध गावोगावी होतं आणि ते आणायला सततचा पैसा लागत होता.

कोरा कागद

@बालवैद्य, हे पटलं. म्हणजे खरी इमारत खेड्यांत विखुरलेली होती आणि फ्लॉरेन्समध्ये होतं ते तिचं मुख्य दार.

तिठा

एक शंका. याला कॅथलिक अनाथालय म्हणायचं का? चालवणारे रेशमाचे व्यापारी. कोणत्या साधूंच्या किंवा जोगिणींच्या संघाचं हे घर नव्हतं.

पानगळ

@तिठा, त्या काळच्या फ्लॉरेन्समध्ये 'व्यापारी संघाचं' आणि 'चर्चचं' यांच्यामध्ये आज ओढतो तशी रेघ नव्हती. हिशोब संघाचे, पण बाकी सगळं कॅथलिक. नाव बायबलमधलं. हेरोद राजाने बेथलेहेममधली दोन वर्षांखालची मुलं मारली, ती 'निष्पाप मुलं', म्हणजे इन्नोचेन्ती. त्यांचा स्मरणदिन २८ डिसेंबर. इमारतीच्या पोटात स्वतःचं चर्च आहे, त्याचं अभिषेकविधान १४५१ मध्ये आर्चबिशप आंतोनिनो यांनी केलं, जे पुढे संत झाले. आलेल्या बाळाचा बाप्तिस्मा झाला आहे की नाही हे आधी बघत. बाळाबरोबर चिठ्ठी असली तर बहुतेक वेळा त्यात हेच लिहिलेलं असे, कारण आईला त्याची सगळ्यात जास्त काळजी.

त्या चर्चच्या वेदीसाठी चित्रकार गिर्लांदायोने १४८८ मध्ये केलेलं चित्र आता तिथल्याच संग्रहालयात आहे. तीन राजे बाळ येशूला भेटायला आले आहेत, मागे मुलांची कत्तल चालली आहे, आणि अगदी पुढे पांढऱ्या कपड्यातली दोन लहान मुलं गुडघे टेकून बसली आहेत. त्यांच्या अंगावर जखमा आहेत. मारल्या गेलेल्या मुलांना कलाकाराने थेट मारियाजवळ आणून बसवलं. हे चित्र रोज प्रार्थनेला समोर बघणारी मुलं कोण होती ते आठवा. मला त्या चित्रासमोरून हलता आलं नव्हतं.

तिठा

धन्यवाद, शंका फिटली. मग दुसरी. 'अनाथ' म्हणता येतील अशी किती होती? मी वाचलंय की बहुतेकांचे आईवडील जिवंत होते.

पानगळ

बरोबर वाचलंय. आईबाप मेलेली मुलं कमी, आणलेली जास्त. त्यात मुलींचं प्रमाण मुलांपेक्षा मोठं. गरिबी हे कारण होतंच, पण सुरुवातीच्या काळात एक कारण असं होतं ज्याबद्दल मार्गदर्शक सहसा बोलत नाहीत. चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून फ्लॉरेन्समध्ये काळ्या समुद्राच्या बाजूने आणलेल्या गुलाम मुली श्रीमंतांच्या घरात कामाला असत. तातार, चेर्केस, रशियन. मालकापासून किंवा त्याच्या मुलांपासून त्यांना दिवस जात. ते मूल इथे यायचं आणि तिची रवानगी दुसऱ्याच्या घरी दाई म्हणून. तिच्या अंगचं दूध भाड्याने लागायचं.

निळावंती

@पानगळ, तुम्ही लिहिलंत म्हणून पुढचं लिहिते. ज्याच्या १००० फ्लोरिनांपासून हे सगळं सुरू झालं त्या दातीनीला स्वतःला लूचिया नावाच्या गुलाम मुलीपासून मुलगी झाली होती. जिनेव्रा. दातीनीची बायको मार्गेरिता हिला मूल नव्हतं. तिने या मुलीला घरात आणून लेकीसारखं वाढवलं आणि भरघोस हुंडा देऊन तिचं लग्न लावलं. मार्गेरिताची आणि दातीनीची एकमेकांना लिहिलेली पत्रं प्रातोमध्ये शेकड्यांनी जपलेली आहेत, त्यामुळे हे घर आपल्याला आतून दिसतं.

दानशूर व्यापारी म्हणून त्याचं नाव घेताना मी लूचियाचंही नाव घेते. या इमारतीच्या पायात तीही आहे.

आडवाट

निळावंती ताई, हा प्रतिसाद वाचून उठलो आणि चहा करून आलो. परत वाचला.

गोधडी

मी सहसा लिहीत नाही. आमची मुलगी आम्ही दत्तक घेतलेली आहे. तिच्यासोबत संग्रहालयात गेलो होतो, म्हणून लिहिते.

तिथे एक खोली आहे, तिच्यात छोटे छोटे खण आहेत. प्रत्येक खणावर मुलाचं नाव. खण ओढला की आत आईने बाळाबरोबर ठेवलेली वस्तू. बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. अर्धं कापलेलं पदक. अर्धं नाणं. मण्यांची माळ, फितीचा तुकडा, कागदात गुंडाळलेलं क्रूसाचं चिन्ह. अर्धं का, तर उरलेलं अर्धं आईकडे. कधी परत न्यायला आली तर दोन तुकडे जुळवून ओळख पटवायची.

मुलगी एकेक खण उघडत होती आणि नावं मोठ्याने वाचत होती. तिने विचारलं, हे अर्धं अजून इथेच आहे म्हणजे आई आलीच नाही का? मी म्हटलं, हो, बहुतेक नाही येऊ शकली. ती म्हणाली, पण यायचं ठरवलं होतं. मग पुढचा खण उघडला.

इमारत शहराची की मुलांची यावर मला काही म्हणायचं नाही. संग्रहालय करणाऱ्यांनी खणांवर वस्तूचं नाव न लिहिता मुलाचं नाव लिहिलं, हे मला फार योग्य वाटलं.

ओसरी

गोधडी, मनापासून आभार. लेकीलाही सांगा.

बालवैद्य

__/\__

सायसाखर

नावांवरून आठवलं. इथे वाढलेल्या मुलांना आडनाव मिळे ते संस्थेचंच. इन्नोचेन्ती, देल्यीन्नोचेन्ती, नोचेन्तीनी ही आडनावं टस्कनीत आजही भरपूर सापडतात. नेपल्समध्ये तेच काम 'एस्पोसितो' या आडनावाने केलं, तिथल्या आन्नुन्त्सियाता या टाकलेल्या मुलांच्या घरामुळे. टीव्हीवर इटलीचा फुटबॉल सामना लागला की माझ्या नवऱ्याला मी खेळाडूंच्या आडनावांचा इतिहास सांगते आणि तो आवाज वाढवतो.

चौकट

विषय जरा बाजूला नेतो, माफी असावी. व्हेनिसच्या 'पिएता'बद्दल कोणी लिहिलं नाही. तिथेही टाकलेली मुलं घेत, आणि मुलींना संगीत शिकवत. संगीतकार विवाल्दी १७०३ पासून तिथे व्हायोलिन शिकवायचा. पर्यटक किनाऱ्यावरच्या पिएताच्या चर्चमध्ये जाऊन 'इथे विवाल्दी वाजवायचा' म्हणून भारावतात. ते चर्च १७४५ मध्ये बांधायला घेतलं आणि विवाल्दी १७४१ मध्येच वारला होता! चर्चच्या बाजूच्या भिंतीवर पोप तिसऱ्या पॉलच्या काळातली १५४८ ची शिळा आहे. ऐपत असताना मूल इथे आणून टाकणाऱ्यांना तिच्यात शाप दिलेला आहे. इमारतीचा इतिहास म्हणून तीच बघावी.

जुनी पेठ

बाजूला गेलोच आहोत तर पुण्याचं एक वाक्य. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये स्वतःच्या घरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. ना संघ, ना लोजिया, ना १००० फ्लोरिन. आणि तिथे आईलाही आत घेतलं, गुपचूप बाळंत होऊन जा म्हणून सांगितलं. तुलना करायची नाही, पण 'आईला आत घेणं' हा मुद्दा इन्नोचेन्तीबद्दल बोलताना मनात ठेवावा असं वाटतं.

पानगळ

@जुनी पेठ, मुद्दा मोलाचा आहे. इन्नोचेन्तीत आईला दार नव्हतं, खिडकी होती. आणि आज तिथे जे चालतं त्यात संकटातल्या आयांना मुलांसकट ठेवून घेणारी घरं आहेत. इथवर यायला त्यांना शतकं लागली.

तिठा

खिडकी म्हणजे बाळ बाहेरून ठेवून आत फिरवायचा तो पाळणा ना? फोटोत लोजियाच्या डाव्या टोकाला जाळी दिसते आहे.

दगडविटा

हो, तीच जागा. पण तिथल्या शिलालेखात चार शतकं, १८७५ पर्यंत, इथे 'चाक', म्हणजे तोच फिरता पाळणा, होतं असं म्हटलंय, ते शब्दशः घेऊ नका. सुरुवातीला चाक नव्हतं. देवळाच्या पाणपात्रासारखी दगडी कुंडी होती, तिच्यात बाळ ठेवायचं. पुढे तिच्या दोन बाजूंना मारिया आणि योसेफ यांच्या मूर्ती ठेवल्या. म्हणजे ठेवलेलं बाळ येशूच्या जागी यायचं. लोखंडी जाळीची खिडकी सतराव्या शतकातली. जाळीतली फट इतकी अरुंद की नवजात बाळच आत जाईल. मोठं मूल सोडायला येणाऱ्यांना परतवण्याचा तो उपाय होता.

१८७५ मध्ये ती बंद झाली. त्याच वर्षी नेपल्सचंही चाक बंद झालं. पुढे मूल द्यायचं तर दारातून, नाव नोंदवून.

कोरा कागद

म्हणजे ओसरींच्या पहिल्या प्रश्नाला उत्तर याच खिडकीत आहे. दर्शनी भागातला बाळासाठी, फक्त बाळाच्या मापाने घडवलेला भाग हा एवढाच. आणि तोही नको असलेल्या मोठ्या मुलांना बाहेर ठेवायला.

निळावंती

बंद केलं ते बरं झालं की वाईट? गुप्तता गेली की आई बाळाला कुठेतरी वाईट जागी सोडेल, अशी भीती तेव्हाही बोलली जात होती.

बालवैद्य

माझ्या मते बरंच झालं. चाकामुळे बाळ कुठून आलं, आईला कोणता आजार होता, काहीच कळत नसे. सिफिलिस असलेल्या बाळाकडून निरोगी दाईला लागण व्हायची आणि दाईकडून तिच्या घरात. डॉक्टर म्हणून मी नोंदीच्या बाजूने आहे. पण तुमचा प्रश्न रास्त आहे. कोण्या बाईला नाव सांगणं म्हणजे जिवावरचं संकट असेल, हेही मी दवाखान्यात पाहिलंय.

पानगळ

आत वाढून मोठ्या झालेल्या मुलींबद्दल कोणीच बोललं नाही. मुलगे सहा-सात वर्षांचे होऊन खेड्यातून परतले की त्यांना अक्षरओळख, मग कारागिराकडे. ते बाहेर पडत. मुलींना बाहेर काढायचे दोन रस्ते, लग्न किंवा मठ, आणि दोन्हीकडे हुंडा. हुंड्याला पैसे नसले की मुलगी आतच राहायची. सोळाव्या शतकाच्या शेवटाला तिथे शेकडो वाढलेल्या बायका राहत होत्या. त्या रेशीम कातत, विणत. चालवणारा संघ कोणाचा, हे आठवा. दान घेणारी मुलगी संघाच्या धंद्यात कामगारही होती.

१५५२ ते १५८० विन्चेन्झो बोर्गीनी तिथला प्रमुख होता. फार विद्वान माणूस, फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याच्या दरबारात वजन असलेला. त्या काळात लोक या संस्थेत ठेवी ठेवत, म्हणजे अनाथालयच पेढी झालं होतं. आणि तो वारला तेव्हा संस्था कर्जात बुडालेली होती. बालवैद्यांनी दुधाचं आणि तिजोरीचं जे लिहिलंय त्याच्याशी हे जोडून वाचा.

दगडविटा

बायकांचा विषय निघाला म्हणून सांगतो, त्यांचं अंगण वेगळं होतं. पुरुषांचा चौक ऐसपैस, आत शिरताच लागणारा. बायकांचा चौक बाजूला, अरुंद, लांबट, दोन्हीकडे बारीक आयोनिक खांबांची रांग. आर्किटेक्टना तो फार आवडतो, मलाही. पण त्यात उभं राहिलं की आकाश पट्टीएवढं दिसतं, हेही नोंदवतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर खुली गच्ची आहे, 'व्हेरोने'. तिथे धुणं वाळत घालत. इतक्या तान्ह्यांच्या गुंडाळ्यांचं कापड रोज धुवायचं म्हणजे त्या गच्चीला उसंत नसणार. आता तिथे कॅफे आहे आणि कॅथेड्रलच्या घुमटाचं दर्शन होतं.

सायसाखर

बायकांच्या भोजनगृहात चित्रकार पोच्चेत्तीने १६१० मध्ये केलेलं भित्तिचित्रही आहे. विषय हेरोदाच्या कत्तलीचा, पण त्यात त्याने याच घरातला रोजचा व्यवहारही रंगवला, दाया आणि मुलं.

ओसरी

आता पहिल्या प्रश्नाकडे परत येते. वाचून माझं मत थोडं हललंय, पूर्ण नाही.

चौकाकडे बघा. इन्नोचेन्तीची लोजिया झाल्यावर साधारण शंभर वर्षांनी समोरच्या बाजूला तिच्याच धर्तीची दुसरी लोजिया उठवली. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला याच चौकातल्या आन्नुन्त्सियाताच्या चर्चनेही पुढे कमानी लावल्या. मधोमध ग्रँड ड्यूक फेर्दिनांदोचा अश्वारूढ पुतळा आला, १६०८ मध्ये. म्हणजे शहराने आपला एक सुंदर चौक टाकलेल्या मुलांच्या घराच्या मापाने आखला. हे मी आधी लक्षात घेतलं नव्हतं असं नाही, पण त्याचं वजन आज कळतंय. मुलांना गावाबाहेर, भिंतीआड ठेवायचा रस्ता त्यांना मोकळा होता. त्यांनी ती शहरातल्या देखण्या चौकात आणली.

तरीही दगडविटांनी सांगितलेला तो अरुंद चौक माझ्या डोक्यातून जात नाही. समोरच्या कमानी जितक्या मोकळ्या, तितकं आत राहणाऱ्या बायकांचं आयुष्य बंद. दोन्ही एकाच आराखड्यात आहे आणि इतिहास सांगताना दोन्ही सांगायला हवं. पुस्तकात परिच्छेद एकच द्यायचा असेल तर मी निम्मा दाया, दप्तर आणि त्या खणांना देईन.

कोरा कागद

मी निम्म्याहून जास्त देईन. पण मघाशी मी चाळ बांधा म्हणालो होतो, तो आग्रह सोडतो. चाळ असती तर चौदाशे पंचेचाळीसपासून आजपर्यंत कोणी जपली नसती. सुंदर होती म्हणून टिकली, टिकली म्हणून दप्तर टिकलं.

निळावंती

याला माझं अनुमोदन. १९८८ मध्ये युनिसेफचं संशोधन केंद्रही तिथे सुरू झालं, जगभरच्या मुलांच्या स्थितीवर अभ्यास करणारं. पाळणाघरही आहे. बाळांचा आवाज अजून येतो.

आडवाट

यंदा परत जायचा योग आहे. निळ्या चकत्या जागेवर आहेत ना? मधे काढल्या होत्या असं ऐकलं.

बालवैद्य

साफसफाईसाठी उतरवल्या होत्या. काम फ्लॉरेन्समधल्याच ओपिफिचो या कलाकृती-दुरुस्तीच्या संस्थेने केलं, आणि आता त्या परत जागेवर आहेत. दुर्बीण न्या, नाहीतर गुंडाळ्यांतला फरक खालून दिसत नाही.

गोधडी

@आडवाट, आत जाल तेव्हा आधी तळघरातलं इतिहासाचं दालन बघा, चित्रं नंतर. आम्ही तसंच केलं. त्यामुळे गिर्लांदायोच्या चित्रातली ती दोन मुलं कोण, हे लेकीला मला सांगावं लागलं नाही.

चौकट

पिएताचा वेगळा धागा काढतो आहे. सायसाखर, आडनावांचा विषय तिकडे आणा, नेपल्सबद्दल विचारायचं आहे.